एक्कावन्न वर्षांचे सात विधुर

बारावीच्या सहामाही परीक्षेत, इंग्रजीच्या पेपरात, मी आमच्या प्राचार्यांना असा अर्ज लिहिला की मी एक्कावन्न वर्षांचा विधुर असून माझी बदली इंदूरला करावी. तेव्हा मी सतरा वर्षांचा होतो. इंदूर मी नकाशातसुद्धा नीट पाहिलं नव्हतं. प्रश्न होता: बहिणीच्या लग्नासाठी दोन दिवसांची रजा मागणारा अर्ज लिहा.

हे सांगितलं की लोक हसतात, आणि हसता हसता त्यांना शंका येते की हा माणूस तिखटमीठ लावून सांगतोय. त्यांचा संशय रास्त आहे. बाकीच्या गोष्टींना मी लावतो. हिला लावावं लागत नाही.

माझं आणि इंग्रजीचं कधी भांडण नव्हतं. आमची ओळखच नव्हती. शाळा सरकारी, हिंदी माध्यमाची. घरात आईची वर्ध्याकडची मराठी, रेल्वे कॉलनीच्या मैदानात छत्तीसगढी. इंग्रजी राहायची फक्त वेळापत्रकात, पाचव्या तासाला, डबा खाऊन डोळे जड झाले की. ती आम्ही कुंजीतून, म्हणजे बाजारातल्या गाइडातून, पाठ करायचो. धड्याचा सारांश पाठ, कवितेचा मध्यवर्ती विचार पाठ, अर्ज पाठ, ‘माझा प्रिय मित्र’ पाठ. माझ्या निबंधातला प्रिय मित्र सहावीपासून तोच होता. तो पहाटे उठायचा, खोटं बोलायचा नाही आणि मोठ्यांचा मान राखायचा. असला पोट्टा मी अख्ख्या रायपुरात पाहिला नाही.

अकरावीला ग्रेसचे गुण घेऊन कसाबसा वर सरकलो, तेव्हा बाबा एकदाच बोलले. ते रेल्वेच्या पार्सल ऑफिसात होते.

"बारावीत इंग्रजी निघाली तर नागपूरले काकाकडे कॉलेजात जाशील. नाही निघाली तर उरल्याच्या रोलिंग मिलमधी माह्या ओळखीचा फोरमन हाय."

उरला म्हणजे गावाबाहेरची कारखान्यांची वस्ती. बाबा धमकी देत नसत. रेल्वेचा माणूस, कोणती गाडी कुठे जाते तेवढं सांगायचा.

मग त्यांनीच आमच्या इंग्रजीच्या सरांना गाठलं. सर मूळचे इंदूरचे, मराठी. नोकरीत फिरत फिरत आमच्या शाळेत येऊन पडलेले. बूढ़ापाऱ्यात, तलावाच्या मागच्या गल्लीत, एका किराणा दुकानाच्या वर दोन खोल्या घेऊन एकटे राहायचे. बायको वारलेली, मूलबाळ नाही. "सकाळी सहाला पाठवा," ते बाबांना म्हणाले, "फी नको. आपल्याकडचा मुलगा आहे." मग माझ्याकडे वळून, "काय, येणार ना?"

"मले काही प्रॉब्लेम नाही, सर."

"मला," सर म्हणाले. "आधी मराठी पास व्हा, राजे."

राजे म्हटलं की ते रागावलेले असत, एवढं मला वर्गातून ठाऊक होतं.

ते दिवसच संशयाचे होते. नवं राज्य होऊन फार काळ लोटला नव्हता आणि आमचं रायपूर एकदम राजधानी झालं होतं. मंत्रालय एका जुन्या दवाखान्याच्या इमारतीत भरायचं. जिथे परवापर्यंत माणसांच्या हातापायांना प्लास्टर घालत, तिथे आता फायलींना दोऱ्या बांधत होते. लाल दिव्याच्या गाड्या सदर बाजारच्या गर्दीत अडकून हॉर्न देत राहायच्या. पेंटर शिडीवर चढून पाट्यांवरचं जुन्या राज्याचं नाव खरवडत होते. घरमालक प्रत्येक भाडेकरूकडे असं बघायचा की याच्या जागी एखादा साहेब आला असता तर. सरकारी माणसं वाटून घेणं चालू होतं, कोण इकडे, कोण तिकडे. आणि जो तो दुसऱ्यावर संशय घ्यायचा की यानं आतून काहीतरी जमवलेलं दिसतंय.

आमच्यापर्यंत पोचलेली अफवा अशी, की आता बोर्डाचे पेपर भोपाळला निघणार नाहीत, इथेच निघणार. इथे म्हणजे आपल्याच मास्तरांपैकी कोणीतरी काढणार. आणि पेपर कोण काढतो हे तर गुप्त असतं. झालं. त्या वर्षी आम्ही एकेका मास्तराकडे असं बघू लागलो, जसं रेल्वे पोलीस फलाटावरच्या बेवारस पेटीकडे बघतात.

सरांवर पहिला संशय मीच घेतला, त्याचं श्रेय मी कोणाला देणार नाही.

एके सकाळी मी जिना चढून गेलो तर सर टेबलाशी बसून लिहीत होते. मला बघताच त्यांनी कागद उलटा केला आणि त्यावर जाडजूड शब्दकोश ठेवला. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी त्यांच्या नखात लाल काहीतरी अडकलेलं दिसलं. कुंकू नव्हतं, ते देवाधर्माचे नव्हते. लाख होती. पाकिटं सील करायची लाख. त्याच दुपारी मधल्या सुट्टीत ते सायकल काढून स्वतः पोस्टात गेले. शाळेत शिपाई होता, चपळ होता, तरी स्वतः गेले! वर्गातल्या माझ्या मित्राला मी हे सांगितलं. तो उरल्याहून सायकलनं यायचा, त्याचे वडील तिथल्याच एका मिलमध्ये पाळीवर असत. त्याचं तोंड उघडं राहिलं.

"हव! पेपर सेटर आय," तो म्हणाला. "पक्का."

दुसरा पुरावा कवितेच्या तासाला मिळाला. अभ्यासक्रमात एक कविता होती, घर सोडून गेलेला माणूस आणि दारात दिवा घेऊन उभी राहणारी म्हातारी. सर ती वाचत होते. सर वाचायला लागले की अर्थ कळला नाही तरी वर्ग गप्प बसायचा, एवढं मान्य केलं पाहिजे. शेवटच्या कडव्याला ते थांबले. चष्मा काढला, पुसला, परत घातला, खिडकीबाहेर पाहिलं, आणि म्हणाले, "आगे आप लोग खुद पढ़ लीजिए."

अख्ख्या वर्षात सर एवढ्याच ठिकाणी थांबले होते. मी कवितेच्या शेजारी तीन चांदण्या काढल्या आणि लिहिलं: आयएमपी.

आता उरला होता तो शब्दकोशाखालचा कागद.

सरांची एक सवय होती. साडेसहाच्या सुमारास ते चहा करायला आतल्या खोलीत जायचे. रॉकेलचा स्टोव्ह, पंपाचा फसफस आवाज, मग दूध, मग आलं ठेचणं. आवाजावरून ते नेमके कुठवर आलेत हे कळायचं. पंप ते आलं एवढ्या वेळात मी शब्दकोश उचलून दोन ओळी उतरवायचो, जास्तीत जास्त तीन. आल्याचा ठक्‌ आला की कोश जागेवर. मनाला टोचत नव्हतं असं नाही, पण मी स्वतःला समजावलं की मी काही कागद पळवून नेत नाही, फक्त वाचतोय. आणि सर स्वतःच नेहमी म्हणायचे, वाचा, वाचा, पाठ्यपुस्तकाच्या बाहेरचं वाचा.

आठ सकाळी लागल्या. कागद रोज तोच नसायचा, पण मजकूर तोच; सर तो पुन्हा पुन्हा सुंदर अक्षरात उतरवत होते. उतरवून झाल्यावर समजलं की तो अर्ज आहे. बोर्डाच्या पेपरात अर्ज असतोच!

अर्जात काय होतं ते थोडं कुंजीच्या, थोडं शब्दकोशाच्या आधारानं मी लावलं. लिहिणारा एक्कावन्न वर्षांचा विधुर आहे. बावीस वर्षं नोकरी केली. आई इंदूरला एकटी, ऐंशीच्या घरातली, आता तिला स्टोव्ह पेटवता येत नाही, हात कापतात. राज्यं वेगळी झाली तेव्हा इंदूर त्या बाजूला राहिलं आणि त्याचं नाव या बाजूला पडलं. त्याला त्या बाजूला जाऊ द्यावं. आणि शेवटी एक वाक्य होतं, त्याचा अर्थ साधारण असा: मी सवलत मागत नाही, तिच्या हातचा नाही, तर मी तिच्यासाठी केलेला चहा मागतो आहे.

तुम्ही म्हणाल, एवढं वाचून तरी तुझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही? नाही पडला. त्याला कारण होतं. बोर्डाच्या पेपरात अर्जाचा प्रश्न कायम ‘समजा’नं सुरू व्हायचा. समजा, तुम्ही अमुक मोहल्ल्यात राहता आणि नळाला पाणी येत नाही. समजा, तुमच्या गावात पोस्ट नाही. सहावीपासून मी इतक्या लोकांच्या नावानं इतके अर्ज पाठ केले होते की समजा, तुम्ही विधुर आहात, यात मला काही वावगं वाटलं नाही. उलट वाटलं, बारावी आहे, प्रश्न जरा मोठ्या वयाचा येणारच.

घरी आईला वेगळाच संशय.

"हा पोट्टा पाच वाजता आपल्या मनानं उठून राहिला," ती बाबांना म्हणाली. "आंघोळ करून, केस विंचरून जाते. इंग्रजीसाठी कोणी केस विंचरते काय? त्या गल्लीत कोणाच्या पोट्ट्या आहेत पाहा जरा."

"आई, अभ्यास करून राहिलो मी."

"तेच तर म्हणतो ना मी. काहून करून राहिला?"

शाळेत तिसराच. मी पहाटे सरांकडे जातो ही बातमी वर्गभर झाली, आणि मुलांनी दोनात दोन मिळवले: सर मराठी, हा मराठी, याला पेपर मिळतो. खरं सांगू, मला ते आवडलं. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी माझ्या शेजारी बसायला धडपडत होतं. मी नाही म्हणायचो, पण असं म्हणायचो की ऐकणाऱ्याला हो ऐकू यावं. उरल्याचा मित्र त्याच्या आईनं केलेले फरे, तांदळाच्या पिठाचे वाफवलेले मुटके, डब्यात भरून आणायचा. चौथ्या दिवशी, तिसरा फरा तोंडात असताना, मी फुटलो.

"किसी को बताना मत," मी म्हणालो.

"मोर दाई के कसम," तो म्हणाला. आईची शपथ.

आईची शपथ त्यानं पाळली असेलही, पण अर्ज त्याच्या वहीत होता आणि वहीला शपथ नव्हती. आठवड्याभरात सात जणांना तो अर्ज पाठ होता. त्यातल्या एकाचं पाठांतर माझ्यापेक्षाही पक्कं होतं. तो पाणी प्यायला जातानासुद्धा पुटपुटायचा की त्याच्या आईला स्टोव्ह पेटवता येत नाही.

सहामाहीचा पेपर हातात आला. प्रश्न होता बहिणीच्या लग्नाचा. मी मागे वळून मित्राकडे पाहिलं, त्यानं माझ्याकडे. बाकीच्या पाचांची डोकीही आमच्याकडे वळली. पण आमच्यात एक जुनी समजूत होती: जे पाठ आहे ते लिहायचं. परीक्षक काही वाचत बसत नाही, तो पानं बघतो, अक्षर बघतो आणि गुण देतो. कुठला ना कुठला अर्ज तर आहे ना? मग अर्ज तो अर्ज. आणि माझ्या डोक्यात तर आणखी एक विचार शिरला: सर मुद्दाम दुसरा प्रश्न देऊन बसलेत, कोणाला संशय येऊ नये म्हणून. तो खरा अर्ज बोर्डात येणार. आज फक्त सराव. वरचं साहेबाचं नाव खोडून मी ‘प्राचार्य’ केलं, कारण प्रश्नात प्राचार्य होते, आणि धडाधड लिहीत सुटलो. वर्गात पहाऱ्याला सरच होते. दोनदा माझ्या बाकाजवळून गेले. मी पानावर हात ठेवला, नक्कल होऊ नये म्हणून.

त्या वर्षी प्राचार्यांना साहेबलोकांची भीती बसली होती. आता मोठं ऑफिस गावातच; कोण कधी गाडीतून उतरून शाळेत शिरेल नेम नाही. म्हणून त्यांनी ठरवलं की प्रत्येक गठ्ठ्यातल्या काही उत्तरपत्रिका तपासायच्या आधी स्वतः बघायच्या. इंग्रजीच्या गठ्ठ्यात त्यांना पहिला विधुर मिळाला. मग दुसरा. पाचव्यानंतर, शिपाई सांगत होता, त्यांनी पंखा वाढवायला सांगितला.

आम्हा सातांना बोलावणं आलं. आत सर आधीच उभे होते. टेबलावर सात पानं ओळीत मांडलेली.

"मैं पढ़ता हूँ," प्राचार्य म्हणाले, आणि एकाच्या पानावरून दोन ओळी वाचल्या, मग दुसऱ्याच्या, मग तिसऱ्याच्या. तेच शब्द, तेच पूर्णविराम. माझं एक स्पेलिंग चुकलं होतं, ते सातही ठिकाणी चुकलेलं. मग ते सरांकडे वळले. त्यांचं म्हणणं साधं होतं. एवढी चांगली इंग्रजी या शाळेत दोघांनाच येते. एक मी, आणि मी तर हे लिहिलेलं नाही. वर्गात पहाऱ्याला तुम्ही होता. हा मुलगा रोज सकाळी तुमच्या घरी येतो. तुम्ही लिहून दिलंत. आता हे मला वर कळवावं लागेल.

सरांनी एक पान उचललं. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होतो. वाचता वाचता त्यांचे डोळे एका जागी थांबले, आणि मग त्यांनी मान वर करून सातांतून नेमकं माझ्याकडे पाहिलं. राजेसुद्धा म्हणाले नाहीत.

सर बोलत का नाहीत, ते मला तेव्हा समजेना. नंतर समजलं. नक्कल पुरवल्याचा शेरा एकदा फायलीत पडला की बदली मेली. आणि हा अर्ज माझा आहे म्हणावं, तर तो प्राचार्यांना चुकवून, त्यांच्या पाठीमागून परस्पर धाडलेला. एक वर्षापासून ते असेच अर्ज धाडत होते, दोन्ही राज्यांच्या साहेबांना. आणि तेही इंग्रजीत, कारण हिंदीतल्या अर्जांचे ढीग लागले होते, इंग्रजीतला निदान वेगळा दिसेल. म्हणजे बोलले तरी फसले, न बोलले तरी फसले. त्यांना तिथे नेऊन उभं मी केलं होतं, फऱ्यांच्या बदल्यात.

"किसने दिया?" प्राचार्यांनी विचारलं.

उरल्याच्या मित्रानं सरळ माझ्याकडे बोट दाखवलं. आईची शपथ त्या खोलीत लागू नसावी.

"और तुझे?"

मला खूप काही सांगायचं होतं. सरांचा काही दोष नाही, मी चोरून उतरवला, मला वाटलं बोर्डाचा पेपर आहे. यातलं काहीच तोंडातून निघालं नाही. निघालं ते असं: "सर चाय बना रहे थे, सर. तब."

प्राचार्यांनी चष्मा खाली केला. "इक्यावन साल का विधुर कौन है इस कमरे में?"

कोणी हसलं नाही. सरांनी हात वर केला, आम्ही वर्गात करतो तसा, खांद्यापर्यंत.

"पत्र मेरा है," ते म्हणाले. "इन्होंने चुराया है, मैंने दिया नहीं."

प्राचार्यांनी पुन्हा पान घेतलं. या वेळी त्यांनी ते मनात वाचलं, खालपर्यंत. बराच वेळ लागला, कारण पुटपुटणाऱ्या त्या मुलाचं अक्षर फार वाईट होतं.

"मेरे ज़रिए क्यों नहीं भेजा?"

"दो बार दिया था, सर. आपने कहा था, बोर्ड की परीक्षा है, अंग्रेज़ी का दूसरा आदमी नहीं है. आपकी दराज़ में होंगे."

"तुम लोग बाहर जाओ," प्राचार्य आम्हाला म्हणाले.

आम्ही बाहेर जाऊन दाराला कान लावले. बोलणं ऐकू आलं नाही. दराज, म्हणजे टेबलाचा खण, उघडल्याचा आवाज तेवढा आला. लाकडी होती, पावसानं फुगलेली, ओढताना किंचाळायची.

आम्हाला शिक्षा झाली ती अशी: सातही जणांनी माफीचा अर्ज लिहायचा, इंग्रजीत, न बघता, आणि तो इंग्रजीच्या शिक्षकांकडून तपासून आणायचा. माफीचा अर्ज कुंजीत नव्हता. आम्ही शोधला. शेवटी ज्यांची माफी मागायची त्यांच्यासमोर, बिनपाठ, स्वतःच्या मनानं वाक्य जुळवत बसलो. ‘परीक्षक वाचत नाहीत असं वाटलं’ ही कबुली घातलेला माझा अर्ज सरांनी लाल पेनानं खोडून चार वेळा परत पाठवला. पहिल्यांदा त्यावर लिहिलं होतं: कोण कोणाची माफी मागतोय ते कळत नाही.

प्राचार्यांनी बोलावलं त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे मी उठलोच नाही. आईनं पांघरूण ओढलं. तिला शाळेतलं सगळं कळलं होतं, आणि पोट्टी नाही निघाली म्हणून ती जरा खूशच होती.

"ऊठ. कोणत्या तोंडानं जाऊ म्हणतो? ज्या तोंडानं फरे खाल्ले, त्याच तोंडानं जा."

सरांनी दार उघडलं. टेबलावर कागद होता, सरळच ठेवलेला, शब्दकोश बाजूला. साडेसहाला ते उठले आणि म्हणाले, "चला आत. मी चहा करताना तुम्ही माझ्यासमोर बसायचं. आजपासून हा नियम."

मी आतल्या खोलीत पाटावर बसलो. एक पातेलं, एक गाळणी, एकच कप. माझ्यासाठी स्टीलचा पेला. सर स्टोव्हला पंप मारत होते.

"विधुर म्हणजे काय, ते शब्दकोशात पाहिलंस?"

"हो, सर."

"आणि बावीस वर्षं नोकरी, इंदूर, म्हातारी आई. मी इंदूरचा, ते तुला ठाऊक. मी एकटा, तेही ठाऊक. मग तुला काय वाटलं, हे कोणाविषयी असेल?"

"मले वाटलं, सर, ‘समजा’ असंल."

"‘समजा’ कुठे लिहिलं होतं?"

त्यांनी ‘मले’ दुरुस्त केलं नाही, तेव्हा मला खरी भीती वाटली.

"आठ सकाळी उतरवलंस ना?" ते आलं ठेचत म्हणाले. "सात जणांनी पाठ केलं. स्वल्पविरामासकट. सातांतल्या एकालाही वाटलं नाही की विचारावं, आता त्या म्हातारीचा स्टोव्ह कोण पेटवतं."

चहा झाला. तो चांगला होता, हेही सांगितलं पाहिजे. इतके दिवस मी तो घाईघाईत, चोराच्या घशानं प्यायलो होतो.

"कोण पेटवते, सर?" मी विचारलं.

"शेजारीण. तिच्या मनात असेल तेव्हा."

मग त्यांनी तोच अर्ज माझ्यासमोर ठेवला आणि एकेक वाक्य का तसं आहे ते सांगितलं. इथे ‘मी विनंती करतो’ का नाही, तिथे वाक्य छोटं का, शेवटी चहा का. "साहेब अर्ज वाचत नाही," ते म्हणाले, "म्हणून वाचल्याशिवाय राहवणार नाही असं एक तरी वाक्य घालायचं." इंग्रजीत वाक्य कशासाठी असतं, हे मला त्या टेबलाशी पहिल्यांदा समजलं. आणि समजता समजताच मनात आलं, हे बोर्डात येणार की काय. सवय. जात नाही.

फेब्रुवारीत बातमी फुटली की प्राचार्यांनी सरांचा अर्ज शेरा मारून वर पाठवला. दराजेतलाच की नवा, ते कोणालाच कळलं नाही. मित्राचं म्हणणं, सात वेळा वाचून त्यांनाही तो पाठ झाला असणार. माझा संशय वेगळा होता: पेपरफुटीचं प्रकरण साहेबांपर्यंत जायच्या आत इंग्रजीचा मास्तरच राज्याबाहेर गेलेला बरा, असा त्यांनी हिशेब केला असावा. खरं काय ते त्या दराजेला माहीत. परीक्षा होईपर्यंत मात्र सरांना सोडायचं नाही, असंही त्यात लिहिलं होतं म्हणे.

बोर्डाच्या पेपरात अर्ज आला. समजा, तुमच्या मोहल्ल्यात कचरा उचलला जात नाही. मी तो पाठ केलेला नव्हता. बसून, विचार करून, माझ्या मनानं लिहिला, आणि शेवटी एक वाक्य घातलं की आमच्या गल्लीतल्या गाई आता कचऱ्यालाही कंटाळल्या आहेत. सर थांबले होते ती कविता आली नाही. तीन चांदण्या वाया गेल्या.

निकाल लागला तेव्हा सरांची बदली झालेली होती. मी वर्तमानपत्र घेऊन बूढ़ापाऱ्यात गेलो. जिन्यात पुस्तकांचे गठ्ठे सुतळीनं बांधून ठेवलेले, खाली हातगाडी उभी. शब्दकोश सगळ्यात वर. सर बनियनवर, घामाघूम, स्टोव्ह फडक्यात गुंडाळत होते.

या वेळी मी शहाणपणा केला. आधी निकाल सांगितला नाही.

"सर, आईंची तब्येत कशी आहे?"

त्यांनी मान वर केली. माझ्याकडे जरा निरखून पाहिलं, म्हणजे हे कुठून उतरवून आणलंय की काय, असं.

"बरी आहे. परवा सकाळी पोचतो मी. शेजारणीला सांगून ठेवलंय, सोमवारपासून तिची सुट्टी."

मग मी वर्तमानपत्र पुढे केलं. बोट ठेवलं नंबरावर. पास, पहिल्या फटक्यात, ग्रेसशिवाय. माझी छाती फुगलेली होती, वाटलं, आता पाठीवर हात येतो.

सरांनी चष्मा लावला, नंबर दोनदा पडताळून पाहिला, वर्तमानपत्राची घडी घातली आणि तिच्यातच स्टोव्ह नीट गुंडाळला.

"म्हणजे तू म्हणत होतास ते खरं, राजे," ते म्हणाले. "परीक्षक वाचत नाहीत."